एका ओवीवर तीन नावं

१९९६ च्या एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावात, भीमनगरातल्या बायका जात्यावरच्या ओव्या गात होत्या आणि समोर टेप फिरत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतून ओव्या गोळा करण्याचं काम आधीच उभं केलं होतं. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या, एवढा त्याचा आवाका. संगणकीय संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल त्यात आल्यावर ध्वनिमुद्रणाला वेग आला आणि सुमारे १२० तासांचा आवाज जमा झाला. माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यातल्याच. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात गायिकेच्या नावानिशी ऐकता येतात.

योगायोग असा की त्याच १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या एका प्रोग्रामरनं एमपी-३ फाइलीच्या शेवटी १२८ बाइटचा एक तुकडा जोडायची युक्ती काढली. गाण्याचं नाव, गायक, अल्बम आणि वर्ष त्या तुकड्यात बसत. या तुकड्याला टॅग म्हणतात. त्या युक्तीची आणि नंतर तिच्यावर चढलेल्या थरांची ओळख नसली की आजही माणूस गोंधळतो. समजा, एखाद्या अभ्यासकानं घरच्या जुन्या कॅसेटवरून ओव्यांच्या एमपी-३ फाइली केल्या आणि गायिकेचं नाव देवनागरीत भरलं. फोनवर ते नीट दिसतं. लॅपटॉपवरच्या जुन्या प्रोग्राममध्ये तिथे विचित्र खुणा येतात. गाडीतल्या प्लेअरवर नुसती प्रश्नचिन्हं. फाइल तीच, नावं तीन. मग माणूस एका प्रोग्राममध्ये नाव दुरुस्त करतो, दुसऱ्यात उघडून बघतो, तर तिथे जुनंच.

असं होण्याचं मुख्य कारण म्हणजे नाव फाइलीत एकाच जागी नसतं. ते दोन-तीन जागी असू शकतं आणि प्रत्येक प्रोग्राम आपल्या सवयीची जागा वाचतो.

नावासाठी जागाच नव्हती

एमपी-३ ज्या मानकात बसतं ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. आवाज कमी जागेत कसा साठवायचा, एवढंच त्यात ठरलं होतं. गाणं कोणाचं हे लिहायला रकानाच नव्हता. ती उणीव केम्पच्या १२८ बाइटनी भरून काढली. या पद्धतीला आयडी-३ ची पहिली आवृत्ती म्हणतात. त्यात ‘टॅग’ हे तीन रोमन अक्षरांचं शीर्षक, मग गाण्याच्या नावाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १ बाइट. शेवटी जोडल्यामुळे जुन्या प्लेअरना त्याचा त्रास नव्हता. टॅग कळला नाही तरी गाणं वाजत राही.

तीस बाइट म्हणजे तीस रोमन अक्षरं. देवनागरीचा विचार त्यात नव्हता. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘राधाबाई’ला २१ बाइट, जागा सोडायला १, ‘बोऱ्हाडे’ला २४, असे एकूण ४६ होतात. एखाद्या प्रोग्रामनं हे नाव तशाच्या तसं पहिल्या आवृत्तीत कोंबलं, तर ‘राधाबाई बो’ एवढं २८ बाइटमध्ये मावतं आणि पुढचा ‘ऱ’ मध्येच कापला जातो.

संगीतप्रकाराची गंमत याहून मोठी. त्या एका बाइटमध्ये प्रकाराचं नाव नसतं, क्रमांक असतो. मूळ यादीत ० ते ७९ असे ऐंशी प्रकार होते. युरोपातल्या पोल्का नाचाला ७५ वा क्रमांक मिळाला होता, पण लोकसंगीत यादीतच नव्हतं. ते विनॅम्प या प्लेअरनं पुढे यादी वाढवली तेव्हा ८० व्या क्रमांकावर आलं. जुनी यादी पाठ असलेला प्रोग्राम ८० पाहून रकाना कोरा सोडतो आणि नवी यादी असलेला ‘लोकसंगीत’ दाखवतो. दोघंही आपापल्या यादीप्रमाणे बरोबरच.

एकाच फाइलीत तीन नोंदी

१९९८ मध्ये मार्टिन निल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयडी-३ ची दुसरी आवृत्ती आणली. पहिलीशी तिचं नातं नावापुरतंच. ही नोंद फाइलीच्या सुरुवातीला बसते, हवी तेवढी लांब होते, चित्रही पोटात घेते. तिच्यातही उपआवृत्त्या झाल्या. १९९९ ची २.३ सर्वांत जास्त पसरली, २००० ची २.४ त्याहून नेटकी होती. जुन्या विंडोजमधले प्रोग्राम मात्र कित्येक वर्षं २.३ वरच थांबले होते. काही प्रोग्रामनी तर वर २.४ लिहून आतली मापं २.३ च्या हिशेबानं टाकली. अशा फाइलीत मोठं चित्र किंवा लांब शेरा आला की काटेकोर प्रोग्राम तिथेच वाट चुकतो आणि पुढचे रकाने त्याला सापडत नाहीत.

तिसरी नोंद ‘एप’ नावाच्या पद्धतीची. ती मुळात वेगळ्या प्रकारच्या ध्वनिफाइलींसाठी होती. पण गाण्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणणारी काही साधनं आपला हिशेब एमपी-३ फाइलीत याच पद्धतीनं लिहितात. त्यामुळे वापरणाऱ्याला पत्ता नसताना फाइलीत तिसरी नोंद तयार होते आणि काही प्रोग्राम तिलाच अग्रक्रम देतात.

सातबाऱ्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि मतदारयादीत तिसरं, असं झालेला माणूस ज्या फेऱ्यात सापडतो, त्याच फेऱ्यात ही फाइल असते. एका कार्यालयात नाव सुधारलं म्हणून दुसऱ्या कार्यालयातलं सुधारत नाही.

खूण पाहून दोष ओळखावा

दुरुस्तीला हात घालण्याआधी पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते निरखावं. मराठी नावांच्या बाबतीत पाच खुणा पुन्हापुन्हा भेटतात आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

पहिली खूण रिकाम्या चौकोनांची. त्या यंत्रात देवनागरी फाँट नाही, एवढाच तिचा अर्थ. फाइलीतलं नाव शाबूत आहे, तिला हात लावू नये.

दुसरी खूण विस्कटलेल्या जोडाक्षरांची. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, पाय मोडलेली अक्षरं सुटी पडतात. इथे फाँट आहे, पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा नाही. स्वस्त प्लेअर आणि गाडीतल्या जुन्या पडद्यांवर हे हमखास दिसतं. इथेही फाइल निर्दोष असते.

तिसरी खूण सर्वांत चमत्कारिक. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ‘ए’, त्याच्यामागे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ‘ए’. हा नुसता कचरा नाही, त्यात शिस्त आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. पश्चिम युरोपच्या जुन्या लिपीसंकेतानं ते बाइट वाचले की पहिल्याचा तो ‘ए’ होतो. व्यंजनं, स्वर, काना आणि पहिली वेलांटी यांच्या वाट्याला गोल चिन्ह येतं. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांच्या वाट्याला येन. म्हणजे हे मराठीच आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचलेलं. ते परत मिळवता येतं.

चौथी खूण प्रश्नचिन्हांची, आणि सगळ्यांत वाईट हीच. कोणत्या तरी प्रोग्रामनं नाव आपल्या छोट्या अक्षरसंचात बसवायचा प्रयत्न केला आणि जे बसलं नाही तिथे प्रश्नचिन्ह लिहून फाइल जतन केली. मूळ बाइट पुसले गेले. त्या नोंदीतून नाव परत येणार नाही. पण घाईनं निराश होऊ नये. बरेचदा हा प्रकार शेवटच्या १२८ बाइटमध्ये घडलेला असतो आणि सुरुवातीच्या नोंदीत नाव सुखरूप असतं.

पाचवी खूण वाचता येतील अशा, पण निरर्थक रोमन अक्षरांची. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या फाँटमध्ये टाइप होई. त्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असे. कॅसेटच्या वेष्टनाचा मजकूर त्या काळच्या फाइलीतून उचलून टॅगमध्ये चिकटवला की चित्रं निघून जातात आणि खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. त्यासाठी त्या त्या फाँटचा परिवर्तक वापरावा लागतो. लिपीसंकेत बदलून हे सुटत नाही.

एकच बोऱ्हाडे, दोन गायिका

नावं सगळीकडे नीट दिसू लागली तरी एक पेच उरतो. गायकांच्या यादीत ‘राधाबाई बोऱ्हाडे’ दोनदा येतात. डोळ्यांना दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात, पण निम्म्या ओव्या एकीच्या खाली आणि निम्म्या दुसरीच्या.

याचं मूळ मराठीच्या खास ‘ऱ’मध्ये आहे. बोऱ्हाडे, कऱ्हाडे, तऱ्हा या शब्दांतला हा र युनिकोडमध्ये तीन रीतींनी लिहिता येतो. त्याचं स्वतःचं एक चिन्ह आहे. साध्या र ला खाली नुक्ता देऊनही तो होतो. आणि साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालूनही पडद्यावर तोच आकार उमटतो. कोणता कळफलक वापरला त्यावर रीत ठरते. पहिल्या दोन रीती समान धरण्याचा नियम युनिकोडमध्ये आहे, पण तो पाळायचं काम प्रोग्रामवर सोपवलेलं आहे. तिसरी रीत त्या नियमात बसतच नाही.

‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आलं. त्याआधी आणि नंतरही अनेक जण अ लिहून त्यावर चंद्र देत आले. दिसायला एकच, संगणकाला दोन. शब्दाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करते.

उपाय साधा आहे. नाव प्रत्येक फाइलीत नव्यानं टाइप करू नये. एकदा नीट लिहावं, सगळ्या फाइली एकत्र निवडाव्यात आणि तेच नाव सर्वांना एकदम लावावं.

रकाना तोच, अर्थ निराळा

आता प्रत्यक्ष रकान्यांकडे. जात्यावर बहुधा दोघी-तिघी मिळून गातात, एकीनं ओळ सोडली की दुसरी उचलते. आयडी-३ च्या २.३ आवृत्तीत एकापेक्षा जास्त गायक तिरक्या रेघेनं वेगळे करायचे असतात. २.४ मध्ये त्यांच्यामध्ये एक न दिसणारा शून्य बाइट असतो. फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिफाइलीत गायकाचा रकानाच हवा तितक्या वेळा येऊ शकतो. एका पद्धतीचं लेखन दुसरीच्या प्रोग्रामनं वाचलं की तीन गायिकांपैकी एकच दिसते, किंवा तिघींचं मिळून एक लांबलचक नाव बनतं.

‘अल्बमचा कलाकार’ हा रकाना तर वापरातूनच घडलेला. मूळ मानकात ती जागा वाद्यवृंद किंवा साथसंगतीसाठी होती. आयट्यून्स आणि विंडोज मीडिया प्लेअर यांनी ती अल्बमच्या मुख्य कलाकारासाठी वापरली आणि तीच रीत पडली. हा रकाना रिकामा राहिला की काही प्रोग्राम प्रत्येक गायिकेमागे एक वेगळा अल्बम करतात. एका गावच्या ओव्यांचा एक संग्रह असेल तर सगळ्या फाइलींत इथे एकच नाव हवं, गायिका कितीही असोत.

वर्षाचा घोळ असाच. २.३ मध्ये वर्षाचा रकाना चार आकड्यांचा आहे. २.४ नं तो बदलून १९९६-०४ अशी महिन्यासह, किंवा पुरती तारीख लिहायची सोय केली, पण रकान्याचं नावही बदललं. म्हणून २.४ मध्ये लिहिलेलं वर्ष जुना प्रोग्राम कोरं दाखवतो. पसंतीचे तारे तर बहुतेक वेळा फाइलीत जातच नाहीत. अनेक प्रोग्राम ते स्वतःच्या यादीत ठेवतात, आणि जे फाइलीत लिहितात ते ० ते २५५ चा आकडा आपापल्या हिशेबानं ताऱ्यांत वाटतात.

फ्लॅकचं मानक यूटीएफ-८ वर ठाम असल्यानं तिथे लिपीचा त्रास जवळपास नाही. संग्रहांची आवडती वेव्ह फाइल मात्र कच्ची आहे. तिच्या जुन्या माहिती-रकान्यांचा लिपीसंकेत कधी नीट ठरलाच नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं १९९७ मध्ये प्रसारणासाठी जो जादा तुकडा आणला, त्यातला वर्णनाचा मजकूर साध्या रोमन अक्षरांपुरता आहे. वेव्हमध्ये मराठी नाव आज दिसलं तरी उद्या दुसरीकडे दिसेल याची खात्री नाही.

दुरुस्तीचा क्रम

आधी मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी. मग सगळा संग्रह हाती न घेता एकच फाइल घ्यावी आणि तिच्यातल्या नोंदी वेगवेगळ्या दाखवणाऱ्या संपादकात उघडावी. एमपी३टॅगमध्ये फाइलीत कोणकोणत्या नोंदी आहेत ते एका रकान्यात दिसतं. किड३ मध्ये पहिली आणि दुसरी आवृत्ती वेगळ्या चौकटींत उघडतात. विंडोजवर दोन्ही मोफत मिळतात. निम्मी कोडी इथेच सुटतात, कारण कोणता प्रोग्राम कोणती नोंद दाखवत होता ते समोर येतं.

सगळ्यांत बरोबर नोंद कोणती ते ठरवून बाकीच्या काढून टाकाव्यात. ‘एप’ नोंद एमपी-३ मधून सहसा निर्धास्तपणे काढता येते, फक्त आवाजाच्या पातळीचा हिशेब त्यात असेल तर तो जातो. १२८ बाइटच्या शेपटाचं काय करायचं ते गाडीतल्या प्लेअरवर अवलंबून. तो तेवढंच वाचत असेल तर तिथे नाव रोमन लिपीत लिहून ठेवावं, नसेल तर शेपूट काढावं. मुख्य नोंद २.३ आवृत्तीत आणि यूटीएफ-१६ या लिपीसंकेतात लिहिली तर नव्या-जुन्या बहुतेक प्रोग्रामना ती पचते. तिसऱ्या खुणेची नावं असतील तर संपादकातली लिपीसंकेत बदलण्याची सोय एका फाइलीवर करून पाहावी, मराठी उमटलं तरच बाकीच्यांना लावावी.

एवढं करूनही फोन जुनंच नाव दाखवत राहिला तर फाइलीला दोष देऊ नये. बहुतेक प्लेअर फाइल पहिल्यांदा दिसली की तिचे टॅग वाचून आपल्या यादीत उतरवून घेतात आणि पुढे त्या यादीवरूनच दाखवतात. त्यांना संग्रह नव्यानं वाचायला लावावा लागतो. तेही जमलं नाही तर गाणी यादीतून काढून पुन्हा घालावीत.

मेमरी कार्डावरच्या गाण्यांसाठीही हाच क्रम चालतो. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात कार्डात गाणी भरून घ्यायची पद्धत बीड जिल्ह्यात अनेकांनी पाहिलेली. त्या गाण्यांच्या अल्बमच्या जागी बहुधा ज्या वेबसाइटवरून ती उतरवली तिचंच नाव असतं. त्यामुळे भीमगीतं, लावण्या आणि भक्तिगीतं प्लेअरमध्ये एकाच अल्बमात येऊन बसतात. एकेका प्रकारची गाणी निवडून त्यांच्या अल्बमच्या रकान्यात त्या प्रकाराचं नाव एकदम भरलं की हा जमाव पांगतो.

ओवीला कोणता रकाना

टॅगचे रकाने बाजारात आलेल्या गाण्यांसाठी आखलेले आहेत, ओवीसाठी नाहीत. तिला शीर्षक नसतं, अल्बम नसतो, कवीही नसतो. म्हणून आपला नियम आपणच आधी ठरवावा. शीर्षकात ओवीचा विषय आणि क्रमांक. गायकाच्या रकान्यात गायिकेचं नाव. अल्बममध्ये गाव आणि ध्वनिमुद्रणाचा महिना. वर्ष म्हणजे गायल्याचं वर्ष, फाइल बनवल्याचं नव्हे. संगीतकाराचा रकाना कोरा ठेवावा, तिथे संग्राहकाचं नाव घालायचा मोह टाळावा. संग्राहक, टेपचा क्रमांक आणि तालुका-जिल्हा शेऱ्यात जाऊ शकतात.

ओव्यांच्या त्या मोठ्या प्रकल्पात प्रत्येक ओवीचा विषय, गायिका आणि गाव यांची नोंद आवाजाबाहेर, वेगळ्या माहितीसंचात ठेवली गेली. घरच्या संग्रहानंही तेच करावं. साध्या तक्त्यात फाइलीचं नाव आणि पुढे सगळे रकाने. फाइलीचं नाव मात्र रोमन अक्षरं आणि आकड्यांत, म्हणजे ते कोणत्याही यंत्रावर टिकेल. टॅग म्हणजे त्या तक्त्याची नक्कल. एखाद्या प्रोग्रामनं ती बिघडवली तर तक्त्यावरून सगळ्या फाइलींत नावं पुन्हा भरता येतात.

तक्ता भरायला वेळ थोडा असेल तर गायिकेच्या रकान्यापासून सुरुवात करावी. ओवीचा विषय ऐकून लिहिता येतो, वर्षाचा अंदाज टेपवरून बांधता येतो. कोण गात होतं हे मात्र आवाजावरून नंतर कोणालाही सांगता येणार नाही. ते नाव माहीत असलेली माणसं आज घरात आहेत, तोवर ते लिहून घ्यावं.